तिची पायथन, माझी आर

९ फेब्रुवारी, सोमवार

वर्ग उद्यापासून. रोज काय शिकलात ते लिहून ठेवा, असं तिथं सांगतात म्हणे. म्हणून धाकट्या जावेनं आधीच जाड पुठ्ठ्याची वही आणली, वर प्लास्टिकचं कव्हर चढवलं. मला असली नाटकं नकोत. ट्रेच्या चिठ्ठ्यांचं जुनं पॅड घेतलंय, पाठकोरं. लिहायला पुरतं.

कशाला चाललेय तेही लिहून टाकते, म्हणजे नंतर मलाच मी वेडी वाटायला नको. मी अंडी बघते. उबवणीच्या कारखान्यात, दिव्याच्या खोलीत, अडतीस वर्षं. यंत्रात दहा दिवस राहिलेलं अंडं अंधारात दिव्यावर धरायचं. आत लाल शिरांचं जाळं दिसलं की पिल्लू धरलंय, ते पुढे जाऊ द्यायचं. कोरं असलं किंवा काळवंडलेलं असलं की काढायचं. एका अंड्याला दोन सेकंद. खोलीत दोन टेबलं. पहिलं माझं. दुसऱ्यावर नवी बाई, तिला मीच शिकवलं. नऊ वर्षं झाली तिला, पण माझ्यापुढं नवीच.

गेलं वर्षभर पिल्लं कमी निघतायत. शंभर अंड्यांमागे अठ्ठ्याऐंशी निघायची, आता ऐंशीच्या खाली. यंत्रं तपासली, अंडी पुरवणारा बदलला, फरक नाही. मालक म्हणाले, मेअखेरपर्यंत कारण सापडलं नाही तर दिव्याची खोली बंद, कॅमेऱ्याचं मशीन बसवतो. आणि कारण शोधायला कुणीतरी डेटा सायन्स शिकून यावं, ग्रंथालयात वरच्या मजल्यावर वर्ग आहे, मंगळवार-शुक्रवार संध्याकाळी. पाठवलं कुणाला, तर ऑफिसात बसणाऱ्या माझ्या धाकट्या जावेला. खोली माझी, दिवा माझा, आणि कारण शोधणार ती.

मी तिथं जाऊन स्वतःचं नाव घालून आले. आमचे हे पिल्लांचा ट्रक चालवतात, त्यांना जेवताना सांगितलं. म्हणाले, "सातवी झालेली तू. तिथं करणार काय?" म्हटलं, "धाकटी करेल तेच."

१० फेब्रुवारी, मंगळवार

मास्तरीण अगदीच लहान आहे, पंचवीसचीही नसेल. फळ्यावर दोन नावं लिहिली, पायथन आणि आर. म्हणाली, या कॉम्प्युटरशी बोलायच्या भाषा. पायथन सगळीकडे चालते, पुढे काहीही करायला उपयोगी पडते. आर आकडेवाल्यांनी आकड्यांसाठीच बनवली. कुठलीही घ्या, पण एक धरा आणि तीन महिने सोडू नका.

झालं, अकरा माणसांचा गोंधळ सुरू. कुणी फोनवर शोधतोय, कुणी शेजाऱ्याला विचारतोय. धाकटीनं चार प्रश्न विचारले, चारही वहीत उतरवले, मग पायथन घेतली. तिनं घेतली म्हणून बाकीच्यांनी घेतली. तिचं हे असंच. लग्न होऊन आली तेव्हा कॉलेज झालेली होती, तर आठवड्याभरात घरातली सगळी पत्रं सासूबाई तिच्याकडे द्यायला लागल्या. त्याआधी मी वाचत होते. अडखळत वाचायचे, पण मी वाचत होते.

मी म्हटलं, मला आर.

मास्तरणीनं का म्हणून विचारलं. मी म्हटलं, नाव लहान आहे. खरं कारण वेगळं. एक तर तिनं घेतलेली मला नको. दुसरं असं की घरातलं भांडण दोन्हीकडून ऐकावं लागतं. तिची पायथन तिच्यासारखंच बोलणार. माझ्या बाजूनं बोलणारी एक पाहिजे की नको?

येताना जिन्यात ती म्हणाली, "जाऊबाई, एकच घेतली असती तर घरी बरोबर बसता आलं असतं." मी म्हटलं मला अभ्यासाला सोबत लागत नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आज एक गंमत कळली. तिच्या भाषेत मोजणी शून्यापासून. रांगेतला पहिला ट्रे म्हणजे शून्य नंबर, दुसरा म्हणजे एक. शून्य नंबरचा ट्रे कुणी उचललाय आजवर? माझ्या आरमध्ये पहिला तो पहिला. सरळ काम.

घरी आल्यावर मनात मांडून पाहिलं. आमच्या घरात सुना दोन. आरमध्ये मी एक, ती दोन. पायथनमध्ये मी शून्य, ती एक. म्हणूनच घेतली असणार.

आणि माझ्या भाषेत बाण आहे. डावीकडे तोंड केलेला. उजवीकडचं उचल आणि या नावात ठेव, असा अर्थ. तिच्याकडे नुसतं बरोबरचं चिन्ह. तिला मुद्दाम दाखवला. बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "छान आहे." तोंड एवढंसं झालं होतं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

चूक, चूक, चूक. एक ओळ लिहिली की खाली लाल अक्षरांत चूक. मास्तरीण म्हणते स्वल्पविरामाच्या जागी टिंब देताय. त्या ग्रंथालयाच्या जुनाट स्क्रीनवर स्वल्पविराम काय आणि टिंब काय, सगळ्या मुंग्याच. बरं, जवळ जाऊन बघावं तर अक्षरांना धूर सुटल्यासारखं दिसतं. नवीन कॉम्प्युटर घ्यायला काय होतं यांना.

धाकटी तिच्या जागेवरून उठली, काही न विचारता माझ्या कीबोर्डवर हात घातला आणि अक्षरं अंड्याएवढी केली. सगळ्यांसमोर. आता मागच्या बाकावरच्यालाही माझी चूक वाचता येते. ती वळल्यावर मी परत बारीक केली.

२२ फेब्रुवारी, रविवार

धाकटीनं आमच्या जिन्याच्या प्रत्येक पायरीला पिवळी पट्टी चिकटवली. खाली त्यांचं बिऱ्हाड, वर आमचं. जिना चढते मी. म्हणे, "मला अंधार पडला की पायरी दिसत नाही हो." तिला वर यायचं असतं कधी? घर कसं टापटीप ठेवावं ते मला शिकवायचं, दुसरं काय.

ह्यांच्या शर्टाला बटण लावलं. हे म्हणाले, पांढऱ्या शर्टाला निळा दोरा का? मी म्हटलं काळोखात ट्रक चालवणाऱ्याचा दोरा कोण बघतं. नंतर रीळ बघितलं. माझ्या मते पांढरंच होतं.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

धाकटीनं आलेख काढला. पिल्लांची संख्या वर्षभरात कशी उतरत आली, जिन्यासारखी. मास्तरणीनं तो भिंतीवर मोठा करून दाखवला आणि सगळ्यांना म्हणाली, असं काम पाहिजे. धाकटी मान खाली घालून बसली होती. स्तुती होताना मान खाली घालायची, म्हणजे दोनदा स्तुती होते.

उद्या मालकांना दाखवणार असेल. तिला मॅडम म्हणतात, मला मावशी. आमच्यात सात वर्षांचं अंतर, आणि कारखान्यात माझ्या मागून अकरा वर्षांनी आली ती.

मी आज सरासरी काढली. पाच आकड्यांची. बरोबर आली. भिंतीवर कुणी लावली नाही.

५ मार्च, गुरुवार

सकाळी दिव्याच्या खोलीत गेले तर माझ्या टेबलाचा दिवा बदललेला. नवी बाई म्हणाली ऑफिसातून मॅडमनी सांगितलं, आधीचा मंद झाला होता.

सरळ ऑफिसात गेले. विचारलं, माझ्या दिव्याला हात लावायचं कुणी सांगितलं तुला? ती म्हणाली की पहिल्या टेबलाचा दिवा जुना होता, त्यानं फरक पडत असेल असं तिला वाटलं. म्हटलं, अडतीस वर्षं मी त्या दिव्यावर बसते, तुला ऑफिसात बसून तो मंद दिसला? शेवटी इतकंच म्हणाली, "नव्यानं बरं दिसतंय का?"

मंद तो आधीचाही होता, हे खरं आहे. पण नवाही तसलाच. हल्ली दिवेच चांगले येत नाहीत.

१० मार्च, मंगळवार

मास्तरीण म्हणाली, आता सगळ्यांनी आपापल्या कामाचा खरा डेटा घ्या. आमचा सगळा धाकटीकडे. प्रत्येक ट्रेची चिठ्ठी ऑफिसात जाते, ती कॉम्प्युटरमध्ये भरते. मागितला. लगेच दिला, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

उघडून पाहते तर तारीख आहे, यंत्राचा नंबर आहे, अंडी किती, पिल्लं किती, आणि टेबल नाही. कुठल्या टेबलावर बघितली ते चिठ्ठीवर आम्ही रोज लिहितो. पहिल्या टेबलाची एक रेघ, दुसऱ्याच्या दोन. तो रकानाच नाही. विचारलं तर म्हणाली राहिला असेल भरायचा.

तीस वर्षांत या बाईचं काही भरायचं राहिलेलं नाही. मला अर्धवट माल देऊन मागे ठेवायचं आहे. कारण दुसऱ्या टेबलात निघणार, नव्या बाईच्या कामात खोट निघणार, आणि ते मी शोधलं असं होऊ नये, ही धडपड. नव्या बाईला ऑफिसनंच चिकटवलं होतं ना.

चिठ्ठ्या माळ्यावर खोक्यांत आहेत. माझ्याकडे किल्ली आहे.

१६ मार्च, सोमवार

चारशे बारा चिठ्ठ्या. रोज दुपारच्या सुट्टीत तीस-पस्तीस होतात. तारीख आणि ट्रे बघून जुळवायचं, एक रेघ की दोन ते भरायचं. अक्षरं मोठी केली. कुणी नव्हतं.

डोकं दुखतं. पण सोडणार नाही.

२४ मार्च, मंगळवार

झाल्या. चारशे बाराच्या चारशे बारा. वर्गात मास्तरणीला दाखवलं की हा रकाना मी स्वतः भरला. ती म्हणाली, डेटा सायन्समधलं निम्मं काम हेच असतं. धाकटी वळून बघत होती. तिचा चेहरा नीट दिसला नाही, पण रंग नक्की उडाला असणार.

२७ मार्च, शुक्रवार

ओळ छोटीशी होती. पिल्लांची सरासरी काढ, टेबलाप्रमाणे वेगवेगळी. बाण दिला, कंस लावले, स्वल्पविराम नखाखाली धरून तपासला. चूक आली नाही. पहिल्या फटक्यात.

टेबल एक, शंभराला एकाहत्तर.
टेबल दोन, शंभराला अठ्ठ्याऐंशी.

मी एक-दोनची अदलाबदल केली असणार. उद्या चिठ्ठ्या परत बघते.

२८ मार्च, शनिवार

अदलाबदल नाही.

३१ मार्च, मंगळवार

लवकर गेले, वर्ग भरायच्या आधी. मास्तरणीला म्हटलं, माझी भाषा बिघडली आहे, हेच त्या दुसऱ्या भाषेत करून बघ. तिनं पायथन उघडली, माझी फाइल घातली. एकाहत्तर, अठ्ठ्याऐंशी. वर टिंबापुढचे आकडेही तेच.

मी म्हटलं, दोघी एकच कसं सांगतील?

ती म्हणाली, "भाषा बदलली म्हणून अंडी बदलत नाहीत, आजी."

आजी म्हणाली. तेही आजच.

मग तिनं सहज सांगितलं, वाईट हेतू नव्हता पोरीचा. म्हणाली, तुमच्या घरच्या मॅडमनीही हेच काढलं होतं, महिना होऊन गेला. त्यानंतर फाइलमधला एक रकाना कायमचा कसा काढून टाकायचा, ते विचारत होत्या.

वर्गाला बसले नाही. चालत घरी आले. समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या दिव्याभोवती केवढं मोठं गोल कडं. मला वाटायचं हल्लीच्या गाड्यांना तसलेच दिवे असतात.

२ एप्रिल, गुरुवार

तिला माझ्या आधी कळलं. एक महिना आधी. दोन दिवस झाले, याच्या पलीकडचं काही सुचत नाही.

३ एप्रिल, शुक्रवार

सुट्टीत नवी बाई जेवायला गेली तेव्हा ऑफिसात जाऊन धाकटीला म्हटलं, चल. ती काही न विचारता मागून आली. दिव्याच्या खोलीचं दार मी लावून घेतलं. ट्रेमधलं मधलंच एक अंडं उचललं, माझ्या दिव्यावर धरलं आणि म्हटलं, "काय दिसतं ते सांग."

ती वाकली. म्हणाली, "शिरा आहेत. लाल, जाळ्यासारख्या. मध्ये एक ठिपका आहे." मग आणखी जवळ जाऊन, "हलतोय तो, जाऊबाई."

मला पिवळट धुकं दिसत होतं. हे अंडं मी काढून टाकलं असतं. रोज अशी किती काढली असतील. आणि आत काही नसलेली किती पुढे पाठवली असतील. मी ते ट्रेमध्ये परत ठेवलं, हळूच, टोक खाली करून. तेवढं हाताला येतं अजून.

विचारलं, मला का नाही सांगितलंस? दिवा बदललास, पट्ट्या चिकटवल्यास, फाइल कापलीस. दोन शब्द बोलायला काय होत होतं?

ती म्हणाली, "मी सांगितलं असतं तर तुम्ही परत माझं तोंड पाहिलं असतं का?"

मी विचार केला. नसतं पाहिलं.

तिचं चालूच होतं, अंधारात बोलायला बरं पडतं माणसाला. म्हणाली, लग्नानंतर कारखान्यात लागले तेव्हापासून या खोलीत यायची भीती वाटते. इथं तुम्ही अंडं काढ म्हणालात की मालकसुद्धा का म्हणून विचारत नाहीत. मी ऑफिसात काहीही केलं तरी तीनदा तपासतात. दिव्याचं काम मला शिकवाल का, असं एकदा विचारणार होते, पण तुमचा चेहरा बघून परत गेले.

कधी आली होती ही? मला आठवत नाही. चेहरा कसला होता तेही आठवत नाही.

४ एप्रिल, शनिवार

मालकांकडे मीच गेले. म्हटलं, कारण सापडलं, मशीन मागवू नका. कारण मी आहे. चारशे बारा चिठ्ठ्यांचा कागद पुढे ठेवला.

मालकांनी कागद बघितला, मग धाकटीकडे बघितलं. ती लगेच म्हणाली की हे माझं काम नाही, सगळं जाऊबाईंनी शोधलं. तिची मेहेरबानी मला नको होती. मी म्हटलं, हिनं आधी शोधलं, महिनाभर दडवलं. ती म्हणाली, रकाना यांनी भरला. मी म्हटलं, काढला तिनं. आम्ही भांडतोय की दुसरं काही करतोय ते मालकांना कळेना. शेवटी म्हणाले, "मावशी, आधी डोळे दाखवून या. तोवर तुमच्या टेबलावर कोण बसेल?"

मी धाकटीकडे बोट दाखवलं. तिच्या हातातलं पेन पडलं.

दुसरं कुणी बसण्यापेक्षा ती बरी. आणि दोन सेकंदांत एक अंडं म्हणजे काय असतं ते तरी कळेल.

९ एप्रिल, गुरुवार

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत, उजव्यात पिकलेला. डॉक्टरबाई म्हणाल्या, इतके दिवस कसं चालवलंत? म्हटलं, दिव्यांना शिव्या देऊन.

सकाळी धाकटीला शिकवते. मी नुसती खुर्चीवर, ती दिव्यावर. एका अंड्याला अकरा सेकंद लावते. वहीत लिहून घेत होती, वही काढून घेतली.

२२ एप्रिल, बुधवार

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन परवा झालं. एका डोळ्यानं लिहितेय, ओळी वरखाली जाणार. हे म्हणतात लिहू नको. हे घरी बसून काय काय म्हणतात ते ट्रकवर असताना कळत नव्हतं, तेच बरं होतं.

२४ एप्रिल, शुक्रवार

पट्टी काढायला धाकटी बरोबर आली. उघडल्यावर आधी खिडकी दिसली, मग डॉक्टरबाईंच्या कपड्यावरची शाईची रेघ, मग ही.

केवढी म्हातारी झाली आहे. डोळ्यांखाली काळं, गालावर डाग, कानाजवळचे केस सगळे पांढरे. मी हिच्यावर जळत होते तेव्हा डोळ्यांपुढं लग्नातलीच होती. मधली तीस वर्षं मला दिसलीच नव्हती.

खरं सांगायचं तर आधी बरं वाटलं. मग तिनं विचारलं, "दिसते का मी?" तेव्हा फक्त हो म्हटलं. डाग सांगितला नाही.

८ मे, शुक्रवार

दिव्यावर परत बसले. पहिलंच अंडं धरलं आणि आतला ठिपका हलला. दोन सेकंदांच्या जागी मी किती वेळ बघत होते कोण जाणे, नव्या बाईनं विचारलं, काही बिघडलंय का.

२६ मे, मंगळवार

मी बघितलेल्या अंड्यांची पिल्लं निघून आठवडा झाला. आकडे आले. बाण, कंस, स्वल्पविराम. टेबल एक, एकोणनव्वद. टेबल दोन, अठ्ठ्याऐंशी. धाकटीनं पायथनमध्ये केलं, तेच आलं. मला माहीत होतं तेच येणार, तरी तिचं होईपर्यंत थांबले.

मालक म्हणाले मशीनचं नंतर बघू. धाकटी आता सकाळी दोन तास दिव्यावर, मग ऑफिस. अजून सात सेकंद लावते. मालक काल तिला काही न विचारता ट्रे घेऊन गेले, तर दिवसभर तरंगत होती. थोडं टोचलं मला. टेबल माझं आहे.

एक गोष्ट राहिली. संध्याकाळी वर्गात ती खिडकीजवळ बसली होती, मी दाराशी, मध्ये चार बाकं. अंगानं स्क्रीन झाकून काही लिहीत होती. पूर्वी मला तिथून ती बाईच नीट दिसली नसती. आज तिच्या खांद्यावरून एकेक अक्षर स्वच्छ दिसलं. ओळीच्या मध्ये बाण होता. डावीकडे तोंड केलेला.

चोरून शिकतेय. तीन महिने सोडू नका म्हटलं होतं मास्तरणीनं, तर तीन महिने होताच हिनं माझी उचलली.

बोलले काही नाही. वर्ग सुटल्यावर ती जिना उतरून जाईपर्यंत मागे रेंगाळले, आणि पायथनच्या पुढच्या वर्गात माझं नाव घालून आले. पहिल्या ट्रेला शून्य म्हणायचं तर म्हणू. तिला सांगितलेलं नाही.